गाडी का थांबली?

लोह्याचा बाजार उरकून आम्ही परत निघालो तेव्हा अंधार पडला होता. मुगाची रिकामी पोती साटीत घडी घालून टाकलेली होती. त्यांवर मी आडवा झालो होतो, आणि वडील पुढे बसल्या बसल्या पेंगत होते. कासरा त्यांच्या हातात होता म्हणायचे एवढेच. खरे म्हणजे तो त्यांच्या मांडीवर सैल पडला होता. त्यात नवे काही नव्हते. आमची जोडी लाल कंधारी, त्याच मातीतली. घरची वाट तिला वडिलांपेक्षा चांगली ठाऊक. गाडीवान झोपला तरी गाडी बिनचूक अंगणात येऊन उभी राहायची, आणि बैलांनी मान हलवून घुंगुरमाळ वाजवली की आई कंदील घेऊन बाहेर यायची. कंधारापासून उदगीरपर्यंत कोणत्याही शेतकऱ्याच्या ओसरीवर ही गोष्ट सांगा, त्याला तिचे नवल वाटणार नाही. बिनचालकाची गाडी आम्ही पाळण्यातून उतरल्यापासून पाहिलेली आहे.

त्या रात्री मात्र ओढ्याच्या काठाशी बैल थांबले.

वरच्या अंगाला दुपारी मोठा पाऊस झाला होता, हे आम्हांला कुठून ठाऊक असणार! पाण्याचा आवाज येत होता. पण पावसाळ्यात ओढ्याला आवाज असायचाच. वडील दचकून जागे झाले. गाडी थांबलेली, समोर अंधार, घरी जायची घाई, आणि वर झोपमोड झाल्याचा राग. त्यांनी कासरा हिसडला, हाळी दिली. बैल हलले नाहीत. मग त्यांनी आसूड उगारला, आणि जनावराने धन्याचे ऐकले. फरशीचा एक तुकडा पाण्याने आधीच नेला होता. उजव्या अंगाचा तांबड्या पुढच्या दोन्ही पायांनी त्यात गेला. वडिलांनी मला उचलून काठावर टाकले, डावीकडच्या राघ्याचे जोते सोडून त्याला मोकळे केले. तांबड्याला सोडवायला ते पुन्हा पाण्यात शिरले तेव्हा उशीर झाला होता. पंधरा दिवसांनी पोळा आला. त्या वर्षी आमच्या दारात एकाच बैलाची खांदेमळणी झाली.

मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. तेव्हापासून एक गोष्ट माझ्या मनातून गेलेली नाही. फरशी गेल्याचे बैलाला कळले होते. पण थांबण्यापलीकडे ते सांगायचे दुसरे साधन त्याच्यापाशी नव्हते. आणि झोपेतून उठलेल्या वडिलांना 'का थांबलास?' असे विचारायची बुद्धी त्या क्षणी झाली नाही.

गेल्या काही वर्षांत विजेवर चालणाऱ्या आणि आपली वाट आपण काढणाऱ्या मोटारींच्या बातम्या आमच्या नांदेडच्या वर्तमानपत्रांतूनही येऊ लागल्या. शाळेतली पोरे त्यांविषयी विचारतात, म्हणून मास्तरला वाचणे भाग पडते. वाचता वाचता मी थबकलो तो एका ठिकाणी. गाडीला डोळे द्यावेत, तिला रस्ता शिकवावा, हे जितके अवघड, तितकेच अवघड त्या विद्वानांना दुसरे एक काम वाटते: गाडीने माणसाशी आणि माणसाने गाडीशी बोलावे कसे? त्या बोलण्याच्या सगळ्या साहित्याला, म्हणजे चाक, कळा, दिवे, घंटा, काचेची पाटी यांना मिळून ते 'इंटरफेस' म्हणतात. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. मी त्याला कासरा म्हणतो. आणि मौज अशी की मोठ्या शिकलेल्यांनीही शेवटी तेच म्हटले आहे. 2003 साली अमेरिकेच्या 'नासा' या संस्थेने फ्रँक फ्लेमिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अहवाल काढला. आपोआप चालणाऱ्या वाहनाचे आणि माणसाचे नाते कसे असावे, तर घोडा आणि स्वार यांच्यासारखे, असे त्यांनी मांडले. लगाम सैल सोडला की वाहनाने आपल्या अकलेने चालावे. लगाम घट्ट धरला की माणसाच्या मर्जीने. आणि मधल्या सगळ्या पायऱ्यांत दोघांनाही लगामातून एकमेकांची हालहवाल कळत राहावी. त्यांना घोडा सुचला, कारण त्यांच्याकडे घोडा होता. आमच्याकडे देवणी आणि लाल कंधारी आहेत.

कासरा दोन्ही बाजूंनी बोलतो, हे बैल हाकलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. बैल लंगडू लागला तर कासऱ्याला कळते. बुजला तर डोळ्याआधी हाताला कळते. शिवाय वेसण आहे, हाळी आहे, पाठीवरची थाप आहे. आणि घुंगुरमाळ तर वाटेवरच्या इतरांसाठी असते. अंधारात समोरून येणाऱ्याने बाजूला व्हावे म्हणून ती बांधतात. म्हणजे गाडी धन्याशी बोलते ती एक भाषा, आणि रस्त्याशी बोलते ती दुसरी. या दोन्ही भाषा यंत्राच्या गाडीला नव्याने शिकाव्या लागल्या, आणि त्या शिकताना माणसे मेली.

आमच्या भागात यंत्राची गाडी आली ती रुळांवरून. लातूरला आगगाडी आली 1911 साली, बार्शी लाइट रेल्वेची. अडीच फुटी रुळांवरची ती चिमुकली गाडी ज्याच्या डोक्यातून निघाली, तो एव्हरार्ड कॅल्थ्रॉप हा इंग्रज इंजिनियर मोठा विलक्षण गृहस्थ होता. 1897 साली त्याने बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी हा पहिला टप्पा सुरू केला. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात त्याने विमानातून उडी घेणाऱ्यांसाठी 'गार्डियन एंजल' नावाची हवाई छत्री तयार केली. आणि या सगळ्यांतून वेळ काढून तो अरबी घोडे पाळीत असे. 1920 साली त्याने घोड्यांवर पुस्तक लिहिले. त्याच्या नावाचा मराठीत अर्थ करायचा तर 'घोडा : सोबती आणि मित्र' असा होईल. लातूरला वाफेचे इंजिन आणणारा माणूस घोड्याशी मैत्री कशी करावी यावर ग्रंथ लिहितो, हे वाचून मला तो एकदम आपल्या गावचा वाटू लागला. त्याची रेल्वे 1954 साली सरकारने ताब्यात घेतली, आणि पुढे तिचे अडीच फुटी रूळ जाऊन त्या जागी रुंद रूळ आले.

नांदेडची कथा वेगळी. मनमाडहून सिकंदराबादेला जाणारी निजामाच्या राज्यातली हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे 1900 सालच्या आगेमागे सुरू झाली. तिचे रूळ मीटरगेज. मी लहानपणी तिच्यावरच्या एका आडस्टेशनात तासन् तास बसलेलो आहे, आणि तिथे पाहिलेला एक खेळ मला अजून दिसतो. एकेरी रूळ, समोरून दुसरी गाडी आली तर काय? म्हणून दोन स्टेशनांत मिळून यंत्रांची एक जोडी असे, आणि त्या यंत्रांतून एका वेळी एकच टोकन बाहेर पडे. टोकन म्हणजे धातूचा गोळा. तो कातडी पिशवीत घालून, पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला अडकवून पॉइंट्समन फलाटाच्या टोकाशी उभा राही. ड्रायव्हरचा सोबती चालत्या इंजिनातून हात बाहेर काढून ते कडे खांद्यावर झेली आणि मागच्या टप्प्याचे कडे खाली टाकी. तो गोळा हातात आल्याशिवाय पुढे जायची आज्ञा नाही, आणि एक गोळा बाहेर असेपर्यंत दुसरा निघतच नाही. ड्रायव्हरला पुढचा रस्ता दिसत नव्हता. पण 'पुढे मोकळे आहे' हे वाक्य त्याच्या हातात पडत होते. त्याला वजन होते. अंधारातही ते चाचपून पाहता येत होते. इतके स्पष्ट बोलणारे यंत्र मी पुढे फारसे पाहिले नाही.

मोटारीचे बोलणे मात्र पहिल्यापासूनच गोंधळाचे. आरंभीच्या मोटारींना चाकही नव्हते. होडीच्या सुकाणूसारखा दांडा असे. 1894 साली पॅरिस ते रुआं शर्यतीत एका पानार गाडीला गोल चाक बसवले होते, तेव्हापासून ते हळूहळू रुळले. फोर्डच्या प्रसिद्ध 'मॉडेल टी'ला पायांत तीन पट्ट्या होत्या, पण वेग वाढवायची कळ हाताशी, चाकाखाली! एका गाडीवर शिकलेला माणूस दुसऱ्या गाडीवर बसला की आंधळा. आणि विजेची मोटार ही आजची नवलाई आहे असे जे समजतात, त्यांनी ध्यानात घ्यावे की 1899 साली कामी जेनात्सी याने ताशी 100 किलोमीटरचा पल्ला प्रथम ओलांडला तो विजेच्याच गाडीत. त्या काळी विजेच्या गाडीचा मोठा गुण असा, की तिला हँडल मारावे लागत नसे. पेट्रोलच्या गाडीचे हँडल उलटून मनगटे मोडत. 1912 साली कॅडिलॅक गाडीत विजेने इंजिन सुरू करायची सोय आली, आणि विजेच्या गाडीचे हे भांडवलच गेले. मुंबईत 1907 पासून विजेची ट्राम धावत होती, 1925 पासून विजेची आगगाडी. रस्त्यावरची मोटार मात्र पुढची शंभर वर्षे पेट्रोल पीत राहिली.

आपल्या आपण चालणाऱ्या मोटारीचे पहिले मोठे यश जर्मनीत एर्न्स्ट डिकमान्स या प्राध्यापकाच्या पदरी पडले. 1987 साली त्याच्या मोटारीने, कॅमेऱ्याच्या डोळ्याने रस्ता पाहत, मोकळ्या रस्त्यावर ताशी 96 किलोमीटरपर्यंत मजल मारली. पुढची हकीकत लांबलचक आहे आणि ती ठिकठिकाणी छापून आली आहे. मी ती टाळतो. मला सांगायचे आहे ते 2018 च्या 18 मार्चच्या रात्रीविषयी. अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या टेम्पी गावी एक बाई सायकल हाताने ढकलीत रस्ता ओलांडत होती. आपोआप चालणारी चाचणीची एक मोटार तिच्यावर आदळली आणि ती बाई मरण पावली. मोटारीत माणूस होता, लक्ष ठेवण्यासाठीच बसवलेला. त्याचे लक्ष मोबाईलकडे होते. त्याला दोष लागला, आणि तो लागायलाच हवा. परंतु पुढे सरकारी चौकशीत जे निघाले ते वाचून मी पुस्तक मिटून बसलो. धडक बसण्याच्या पाच सेकंदांहून अधिक आधी त्या मोटारीला पुढे काहीतरी आहे हे दिसले होते. हे काय आहे, मोटार, सायकल की आणखी काही, याविषयी तिचे मत पुन्हा पुन्हा बदलत होते. मात्र ही शंका आतल्या माणसाला सांगावी अशी योजनाच तिच्यात केलेली नव्हती. घंटा नाही, दिवा नाही.

तांबड्याने निदान थांबून दाखवले होते.

इंग्लंडच्या लिझन बेनब्रिज या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1983 साली एक लहानसा निबंध लिहिला होता. यंत्र जितके अधिक काम करते तितके उरलेल्या माणसाचे काम कठीण होते, असे त्यांचे म्हणणे. रोजचे सोपे काम यंत्र करते, म्हणून माणसाचा हात बसत नाही. आणि यंत्राला जे जमत नाही तेच नेमके अवघड काम, अचानक, सराव मोडलेल्या माणसाच्या अंगावर पडते. बाईंच्या डोळ्यांसमोर मोठाले कारखाने होते. मी तो विचार वाचला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ओढ्याच्या काठी डोळे चोळणारे वडील उभे राहिले.

आता पुन्हा आमच्या गावाकडे येतो, कारण या प्रश्नाचे बऱ्यापैकी उत्तर आमच्या दारावरून रोज जाते आणि ते आम्हांला ठाऊक नसते. भारतीय रेल्वेने 'कवच' नावाची जी योजना देशी कारखान्यांकडून तयार करवली, तिच्या पहिल्या चाचण्या दक्षिण-मध्य रेल्वेवर झाल्या, आणि सुरुवातीला जे 1,465 किलोमीटर मार्ग तिच्या छत्राखाली आले त्यांत मनमाड-नांदेड-मुदखेडची वाट आहे, आणि बीदर-उदगीर-लातूर रोड-परळी-परभणी ही वाटही आहे. 2020 साली तिला साऱ्या देशासाठी मान्यता मिळाली. 4 मार्च 2022 रोजी हैदराबादेच्या पलीकडे गुल्लागुडा आणि चिटगिड्डा या स्टेशनांच्या दरम्यान रेल्वेमंत्री स्वतः इंजिनात बसले आणि समोरून त्याच रुळावर दुसरे इंजिन उभे केले. गाडी आपोआप 380 मीटर अलीकडे थांबली.

मला त्या थांबण्यापेक्षा थांबायच्या आधीचा भाग महत्त्वाचा वाटतो. माझा एक विद्यार्थी इंजिनावर सहायक आहे. दिवाळीला घरी आला की तो मला भेटायला येतो, आणि मी त्याच्याकडून हे खोदून खोदून काढून घेतो. रुळांमधल्या स्लीपरांवर लहान लहान टिकल्या बसवलेल्या असतात. त्यांवरून जाताना गाडी आपण कुठे आहोत हे ओळखते. स्टेशनाशी ती रेडिओने बोलते. आणि ड्रायव्हरच्या समोर एक पाटी असते. तिच्यावर आताचा वेग, चालेल तो वेग, पुढचा सिग्नल कोणत्या रंगाचा आहे, आणि अजून किती अंतर जायची मुभा आहे, एवढे दिसते. धुक्यात बाहेरचा सिग्नल दिसला नाही तरी तो आत दिसतो. वेग फार झाला की आधी घंटी वाजते. ड्रायव्हरने ऐकले नाही तर ब्रेक लागतो. शिवाय विजेच्या इंजिनात दुसरी एक चौकशी असते. 60 सेकंद ड्रायव्हरने कशालाच हात लावला नाही तर दिवा लुकलुकतो, मग घंटी, आणि तरीही हात हलला नाही तर गाडी आपण होऊन थांबते.

"म्हणजे तुला झोप लागली का, हे ती विचारते," मी म्हटले.

"हो मास्तर. आणि मी तिला विचारायच्या आधीच, ती का थांबतेय हे पाटीवर सांगते."

हे वाक्य त्याने फराळाच्या ताटातला चिवडा उचलता उचलता सहज टाकले. मला पुढचे दोन दिवस ते पुरले. लातूरला 2018 साली पायाभरणी झालेल्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यातून 2020 च्या नाताळच्या दिवशी पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला, आणि तिथे वंदे भारतच्या 120 झोपायच्या गाड्या बांधण्याचा करार 2023 साली झाला. कॅल्थ्रॉपच्या लातुरात विजेच्या गाड्या घडाव्यात, ड्रायव्हरपुढची पाटी तिथे बसावी, हा योग त्या घोडेवाल्याला आवडला असता.

रस्त्याचे मात्र रुळासारखे नाही. रुळावर म्हैस आडवी आली तर तो अपवाद. नांदेडच्या वजिराबादेत ती नित्याची. अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात 'वेमो' कंपनीच्या बिनचालकाच्या टॅक्सीत 2020 पासून आणि सान फ्रान्सिस्कोत 2024 पासून कोणालाही बसता येते. त्या टॅक्सीत उतारूसमोर एक पाटी असते आणि तिच्यावर गाडीला जे दिसते ते रेघांनी काढलेले असते: ही मोटार, हा पादचारी, ही सायकल. उतारूला त्यातले काही करायचे नसते. तरी ते दाखवतात. गाडीला समोरचा माणूस दिसला आहे, हे कळल्यावाचून आत बसलेल्याचा जीव थाऱ्यावर राहत नाही, हे त्यांना अनुभवाने समजले असावे. गाडी बाजूला घ्यायची सोयही उतारूच्या हाती ठेवलेली असते. सैल का होईना, कासरा.

आणि रस्त्याशी बोलायची भाषा? आपण रस्ता ओलांडतो तेव्हा ड्रायव्हरच्या डोळ्यांत पाहतो. त्याने मान हलवली की आपण पाऊल टाकतो. मान हलवायला कोणीच नसेल तर? 2015 साली मर्सिडीझने एक नमुन्याची गाडी दाखवली होती. ती थांबली की पुढच्या रस्त्यावर प्रकाशाने पांढरे पट्टे काढी, 'जा बाबा' म्हणून. कल्पना सुरेख आहे, आमच्या उन्हात ती दिसेल का एवढाच प्रश्न. विजेच्या गाडीला आवाज नसतो हा दुसरा घोर. गेल्या वर्षी माझी आई घराच्या गल्लीत एका विजेच्या रिक्षापासून वीतभर अंतराने वाचली. तिची नजर मंद झाली आहे, पण कान शाबूत आहेत. त्या कानांना काही ऐकूच आले नाही. युरोपात 2019 पासून नव्या नमुन्याच्या विजेच्या मोटारींना हळू चालताना मुद्दाम आवाज करणे कायद्याने सक्तीचे केले आहे. ते वाचून दाखवल्यावर आई म्हणाली, "मग घुंगुरमाळ का बांधत नाहीत?"

नांदेड-लातूर मार्गावर काळी-पिवळी जीप चालवणारा माझा आणखी एक जुना विद्यार्थी आहे. गाडीतल्या दिव्यांची इंग्रजी नावे त्याला येत नाहीत. इंजिनातले तेल संपत आले की जो लाल दिवा लागतो, त्यावरच्या तेलाच्या बुधलीला तो 'अल्लाउद्दीनचा दिवा' म्हणतो. पण तो लागला की गाडी ताबडतोब बाजूला घेतो, म्हणजे चित्र काढणाऱ्याचे काम झाले. त्याला मी या बिनचालकाच्या मोटारींविषयी सांगितले. त्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मग आम्ही काय करायचं, मास्तर?" नागपूरचे नितीन गडकरी यांनी केंद्रीय मंत्री म्हणून डिसेंबर 2023 मध्ये सांगितले होते, की बिनचालकाच्या मोटारी ते भारतात येऊ देणार नाहीत, कारण ड्रायव्हरांच्या पोटावर पाय येईल. मी ते त्याला सांगितले. तो हसला. म्हणाला, "टमटम आली तेव्हा टांगेवाल्याला पण कुणीतरी असंच सांगितलं असंल." यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही. पाटी बनवणाऱ्यांनी त्याच्यासारख्या माणसाला एकदा विचारावे, एवढे मात्र मला वाटते. गाडी कधी बिथरणार हे त्याच्या तळपायाला कळते.

तांबड्या गेल्यानंतर वडिलांनी त्या वर्षी माळेगावच्या यात्रेतून नवा बैल आणला. राघ्याशी त्याची जोड जमायला हिवाळा गेला. पुढे वडिलांनी आणखी पंधरा वर्षे गाडी हाकली. ते पेंगायचे थांबले नाहीत. दिवसभर राबलेल्या माणसाला झोप येणारच. पण वाटेत बैल उभे राहिले की ते आसूड गाडीत ठेवून खाली उतरत, कंदील पुढे धरीत, आणि बैलाच्या मानेवर हात ठेवून त्याच्या बाजूला उभे राहून, तो जिकडे पाहत असेल तिकडे पाहत. बहुतेक वेळा तिथे काहीच नसे. एकदा साप होता. एकदा वाटेवर आडवा झोपलेला, दारू प्यायलेला आमच्याच गावचा माणूस होता. त्याला त्यांनी उचलून गाडीत घातले आणि त्याच्या घरी नेऊन सोडले.